हलणाऱ्या जमिनीवरचं माप

रविवारची दुपार होती. साबुदाण्याची खिचडी खाऊन झाली होती, ताटल्या सिंकमध्ये तशाच पडल्या होत्या, आणि मी ब्रिस्टलच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून गुरुवारच्या मीटिंगच्या स्लाइड्स करत बसले होते. एका स्लाइडवर दोन फोटो शेजारी शेजारी टाकायचे होते, तीन वर्षांपूर्वीची जागा आणि आताची जागा. लोकांना आकडे कळत नाहीत, फोटो कळतात, असं माझं जुनं मत. दोन्ही फोटोंत मीच होते, शेजारी तीच सात नंबरची नळी, पायात तेच हिरवे गमबूट. जुन्या फोटोत पायांखाली उघडी काळी जमीन, नव्या फोटोत शेवाळाची ओली गादी. छान दिसत होतं. मी स्वतःवर खूश होऊन चहाचा कप उचलला आणि तो तोंडापर्यंत पोचलाच नाही.

जुन्या फोटोत नळीचं टोपण माझ्या गमबुटाच्या वरच्या काठाला लागलेलं होतं. नव्या फोटोत ते काठाच्या चार बोटं खाली होतं.

ही नळी काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर चार बोटांसाठी माझा चहा हातातच का राहिला ते कळणार नाही. ब्रिस्टलपासून दक्षिणेला तासाभरावर सखल, सपाट, ओला मुलूख आहे. तिथे एक पीटचं रान आहे. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली राहिल्यामुळे न कुजता साचत गेलेला शेवाळाचा आणि गवताचा काळा थर. एका कंपनीने कित्येक वर्षं ते रान मशीनने सोलून काढलं आणि बागेत घालायची माती म्हणून पिशव्या भरभरून विकलं. सोलायचं तर आधी वाळवायला हवं, म्हणून रानभर चर खणले आणि सगळं पाणी बाहेर काढून दिलं. कंपनी गेली तेव्हा मागे उरला तो पावसाने वाहून जाणारा आणि वाऱ्याने उडणारा काळा भुगा. मग एका संस्थेने ते रान घेतलं, चर बुजवले, मुख्य चरावर लाकडी फळ्या एकावर एक रचून बांध घातला आणि पाणी परत साठू दिलं. आमच्याकडे महाराष्ट्रात पाणी अडवतात ते जमिनीत मुरावं म्हणून. इथे ते मुरून चालत नाही. ते वर्षभर जमिनीच्या तोंडाशी टेकलेलं राहायला हवं, तरच शेवाळ परत धरतं आणि शेवाळ धरलं तरच रान सुधारतं.

पाणी किती आलं हे मोजणं माझं काम. पुण्यात असताना मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहायचे. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले आणि फिरत फिरत या संस्थेत डेटाच्या कामाला लागले. रानात चोवीस नळ्या आहेत, पीटच्या खालच्या निळ्या चिकणमातीत घट्ट ठोकलेल्या. प्रत्येकीत एक यंत्र सोडलेलं आहे. पाणी नळीच्या तोंडापासून किती खोल आहे, ते हे यंत्र दर तासाला नोंदवतं. त्यातून नळीचा जमिनीवर दिसणारा भाग वजा केला की पाणी जमिनीपासून किती खाली आहे, किंवा किती वर उभं आहे, ते कळतं. चौथीतल्या पोराला जमेल अशी वजाबाकी. ती मी लिहिली होती. आणि नळीचा जमिनीवरचा भाग मी एकदाच मोजला होता, नळी बसवली त्या दिवशी.

"अगं, तू चिखलात रुतली असशील," नवरा फोटो बघून म्हणाला. तो विमानांच्या पंखांवर काम करतो आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला काहीतरी सोपं एक्स्प्लनेशन असतं यावर त्याची श्रद्धा आहे.

"रुतले असते तर नळी उंच दिसली असती. ही ठेंगणी झालीय."

"मग नळी खाली गेली असेल. सेटलमेंट."

"दीड मीटर क्लेमध्ये ठोकलीय ती. कुठे जाईल?"

तो खुर्ची ओढून बसला आणि दोन्ही फोटो मोठे करकरून बघायला लागला. "म्हणजे ग्राउंड वर आलंय?"

मी कप खाली ठेवला. मला ते त्याच्या आधी कळलं होतं, फक्त कोणीतरी मोठ्याने म्हणायची वाट बघत होते. वाळलेलं पीट आकसतं, पाणी मिळालं की फुगतं. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. माझ्याच एका रिपोर्टच्या पहिल्या पानावर मी हे वाक्य लिहिलं होतं आणि पुढच्या पानावर त्याला धाब्यावर बसवलं होतं. जमीन वर येत होती, नळी जागेवर होती, आणि मी तीन वर्षं जुनीच उंची वजा करत बसले होते. म्हणजे माझ्या प्रत्येक आकड्यात खरं होतं त्यापेक्षा जास्त पाणी होतं.

ही चूक माझ्या हातून का झाली तेही मला त्याच टेबलावर कळलं, आणि त्याचा जास्त राग आला. माझे बाबा भूजल खात्यात होते. मी लहान असताना त्यांच्याबरोबर जीपमधून गावोगावच्या विहिरींची पाण्याची पातळी मोजायला जायचे. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर पिवळ्या ऑइलपेंटची एक खूण असायची. त्या खुणेवरून टेप आत सोडायचा. कठडा जमिनीपासून किती उंच आहे ते पहिल्या दिवशी मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं, की काम झालं. पुन्हा त्या पानाकडे बघायची गरज नाही. बाबांच्या वह्या वीस-वीस वर्षं चालल्या आणि एकही आकडा चुकला नाही, कारण खाली काळा कातळ होता. कातळावर वाढलेल्या माणसाच्या डोक्यात जमीन हलेल हा विचारच येत नाही. इथल्या कुठल्याही पोराने कदाचित दर वर्षी नळी परत मोजली असती. मी मात्र ऐटीत पहिल्या पानावर लिहून वही मिटली.

"मग मंडेला मॅनेजरला टीम्सवर सांग," नवरा म्हणाला. "एरर आहे, करेक्ट होईल. रिलॅक्स."

"रिलॅक्स काय रिलॅक्स! थर्सडेला त्या फळ्या काढायच्या की नाही ते डिसाइड होणार आहे. आणि ते माझ्या नंबर्सवर होणार आहे!"

खरी अडचण ती होती. रानाला लागून एका बाईंची डेअरी आहे. बांध घालताना त्यांच्याशी लेखी ठरलं होतं की सलग दोन हिवाळे रानातलं पाणी जमिनीच्या वर ठरावीक उंचीच्या पलीकडे राहिलं, तर बांधाच्या वरच्या दोन फळ्या काढायच्या. बाईंचं म्हणणं असं की त्यांच्या खालच्या शेतात गेली तीन वर्षं पाणी साठतंय, गाई मे महिन्यापर्यंत बाहेर सोडता येत नाहीत, आणि हे पाणी आमच्याच रानातून येतंय. माझे आकडे सांगत होते की सलग दोन हिवाळे मर्यादा ओलांडली गेली आहे. कोणीही नाही म्हणू शकणार नव्हतं. गुरुवारी फळ्यांबाबत ठरवणाऱ्या समितीने होकार दिला असता की आठवड्याभरात फळ्या निघाल्या असत्या. पाणी दोन फळ्यांनी खाली गेलं असतं आणि पुढच्या उन्हाळ्यात वरचं शेवाळ जळून गेलं असतं. पीट एकदा नीट वाळलं की पाणी परत आत घेत नाही, कोको पावडरवर पाणी ओतलं तर ते वरच तरंगतं तसं. तीन वर्षांचं काम एका उन्हाळ्यात संपलं असतं, आणि तेही नसलेल्या पाण्यापायी.

पण एका फोटोवरून समितीसमोर उभं राहता येत नाही. चोवीसच्या चोवीस नळ्या परत मोजायला हव्या होत्या.

सोमवारी सकाळी मी रानाच्या फाटकाशी पोचले तेव्हा आमचे म्हातारबाबा आधीच येऊन उभे होते. त्यांना मी मनातल्या मनात म्हातारबाबा म्हणते. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. तरुणपणी कंपनीत चर खणायच्या मशीनवर होते. रानातला मुख्य चर त्यांनीच खणला होता. आता संस्थेत आठवड्याचे तीन दिवस येऊन ते चर बुजवायचं काम करतात. ऊन, पाऊस, पाणी कसंही असो, त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. मला नेमकी याचीच चीड येते.

मी पिशवीतून घडीची पट्टी, वही आणि पोळपाट बाहेर काढला. शेवाळावर पट्टी टेकवली तर ती रुतते, माप चुकतं. काहीतरी पसरट, सपाट वस्तू आधी ठेवावी लागते. घरात दुसरं काही नव्हतं. म्हातारबाबांनी पोळपाटाकडे बघितलं, त्याच्या तीन पायांकडे बघितलं, आणि काहीही न विचारता तो काखेत मारला.

पहिली नळी. पोळपाट उलटा शेवाळावर, त्यावर पट्टी, पट्टीवरून टोपण. पोळपाटाची जाडी मिळवायला मात्र मी विसरले नाही. जुन्या आकड्यापेक्षा सहा सेंटीमीटर कमी. दुसरी, सात. तिसरी, साडेआठ. मग म्हातारबाबांनी त्यांची रबरी नळी काढली. यंत्रावर त्यांचा विश्वास नाही, ते जुन्या पद्धतीने मोजतात. खुणा केलेली रबरी नळी आत सोडत जायची आणि वरून फुंकत राहायचं. नळीचं टोक पाण्याला लागलं की बुडबुड्यांचा आवाज येतो, तिथे अंगठा धरायचा आणि वाचायचं. यंत्राचा आकडा बरोबरच निघाला. यंत्र चुकलंच नव्हतं.

"तुला मी म्हटलं होतं," ते रबरी नळी गुंडाळत म्हणाले. "गेल्या फेब्रुवारीत."

म्हटलं होतं, हे खरं. याच जागी उभे राहून म्हणाले होते, तुझ्या कागदावर जेवढं पाणी आहे तेवढं मला इथे दिसत नाही, तेवढं असतं तर माझे बूट भरले असते. आणि मी त्यांना काय म्हटलं होतं, तर ॲव्हरेज असतं ते, एका जागेवरून कळत नाही. हसून म्हटलं होतं, म्हणजे आणखी वाईट. आता ते आठवून मला कानकोंडं झालं, आणि मी नेहमीप्रमाणे चिडून मोकळी झाले.

"मग परत का नाही म्हणालात? एकदा सांगून गप्प बसायचं का?"

"तू शिकलेली आहेस," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुपारी पाऊस सुरू झाला. वहीवर प्लास्टिकची पिशवी धरून मी आकडे लिहीत होते. घाई होती, कारण ऑक्टोबरच्या शेवटी साडेचारलाच उजेड उतरायला लागतो आणि मंगळवारी मॅनेजरला सगळे आकडे द्यायचे होते. सतरा नंबरच्या नळीकडे जाताना मी ओल्या रानातून चालायला टाकलेली फळीवाट सोडून सरळ रेषेत निघाले. चार पावलं टाकली. पाचव्याला पाय टेकलाच नाही. डावा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि उजवा त्याच्यामागे निघाला.

थंडी आधी कळली, भीती नंतर. पाय ओढायला गेले तर आणखी खाली. खाली काहीच नव्हतं, नुसता गार, जड काळा रबडा. मी ओरडले असेन, मला आठवत नाही.

"हलू नकोस," म्हातारबाबांचा आवाज आला, नेहमीसारखाच. "मागे रेल. पाठीवर आडवी हो. पाठीवर म्हटलं ना."

शेवाळावर पाठ टेकवून, तोंडावर पाऊस घेत, मी आकाशाकडे बघत पडून राहिले. वही छातीशी धरली होती. ते फळीवाटेची एक फळी उखडून पोटावर सरपटत आले, ती माझ्या काखेखाली सरकवली आणि माझ्या जॅकेटची कॉलर धरून मला इंचाइंचाने ओढत राहिले. किती वेळ लागला सांगता येत नाही. पाय सुटला तेव्हा मोठा आवाज झाला आणि डावा गमबूट तिथेच राहिला.

"हा बाजूचा चर होता," ते धापा टाकत म्हणाले. त्यांना धाप लागलेली मी पहिल्यांदाच बघितली. "एकोणीस वर्षांचा होतो मी, तेव्हा खणला. बुजवला आहे, पण अजून घट्ट झालेला नाही."

मग थोड्या वेळाने म्हणाले, "हे एकदा पूर्ण भरलेलं बघायचंय मला. खणलं मीच ना." एवढं सलग ते कधी बोलले नव्हते. मला रडू फुटलं. त्यांनी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं. उरलेल्या आठ नळ्या आम्ही माझ्या एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात त्यांच्या डब्याची पिशवी अशा थाटात मोजल्या.

चोवीसही नळ्यांचा हिशेब तोच निघाला. जमीन कुठे पाच, कुठे नऊ सेंटीमीटर वर आली होती. खरं पाणी एकाही हिवाळ्यात मर्यादेच्या जवळपास पोचलेलं नव्हतं. बहुतेक ठिकाणी ते जमिनीच्या किंचित खालीच होतं. रान सुधारत होतं, पण मी छातीठोकपणे सांगत होते त्याच्या निम्म्या वेगाने.

मंगळवारी मॅनेजरने फोनवर सगळे आकडे मला परत एकदा वाचायला लावले. ती वाईट बाई नाही. पण माझ्या आकड्यांच्या जोरावर तिने तीन वर्षं वरच्या लोकांना सांगितलं होतं की आपलं रान अपेक्षेपेक्षा लवकर भरतंय. आता फळ्या वाचवायच्या तर ते सगळं मागे घ्यावं लागणार होतं.

"याला चूक म्हणायची गरज नाही," ती शेवटी म्हणाली. "मोजमापाची सुधारित पद्धत म्हण. नवीन पद्धतीने आकडे असे येतात. खोटं नाही ते."

खोटं नव्हतंच. मला तर एकदम हलकं वाटलं. बुधवारभर मी आरशासमोर उभी राहून 'सुधारित पद्धत' हे शब्द घोटत होते. संध्याकाळपर्यंत मला असं वाटायला लागलं होतं की ही पद्धत खरोखर मीच शोधून काढली आहे आणि माझं कौतुक व्हायला हवं.

गुरुवारी गावाच्या हॉलमध्ये समितीचे बाराजण होते. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त शाळामास्तर. चहाचं मोठं भांडं खदखदत होतं, बिस्किटं कोणी खात नव्हतं. म्हातारबाबा मागच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले होते. डेअरीच्या बाई पहिल्या रांगेत होत्या. पन्नाशीच्या, उंच, केस करकचून मागे बांधलेले. मांडीवर एक प्लास्टिकचं फोल्डर होतं आणि त्यात माझे सगळे आलेख होते. तीन वर्षांचे. मर्यादेची रेघ त्यांनी पिवळ्या मार्करने रंगवली होती.

माझी पाळी यायच्या आधी त्यांना बोलायला दिलं. त्यांनी फोल्डर उघडून प्रत्येक आलेख वर धरून दाखवला. "मी तीन वर्षं सांगतेय," त्या म्हणाल्या, "आणि इथे प्रत्येकाने मला म्हटलं की हा पावसाचा दोष आहे, नशिबाचा दोष आहे. या संस्थेत खरं बोलणारी एकच बाई आहे." आणि त्यांनी माझ्याकडे हात केला.

मी उभी राहिले, पहिली स्लाइड लावली आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मोजमापाची सुधारित पद्धत वापरून आम्ही आकडे पुन्हा काढले आहेत, असं काहीतरी.

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं. त्यात राग नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, म्हणून त्या समजून घ्यायला बघत होत्या.

मॅनेजर माझ्याकडे बघत होती. मला दुसरं वाक्यही पाठ होतं. ते जिभेवर आलं होतं, आणि मला स्वतःची इतकी शिसारी आली की ते बाहेरच पडलं नाही.

"म्हणजे मी चुकले," मी म्हटलं. "तुमच्या हातातले सगळे कागद चुकीचे आहेत. यंत्र बरोबर होतं, वजाबाकी मी चुकवली. जमीन वर आली आणि मी ती परत मोजलीच नाही. मला एका माणसाने हे सांगितलं होतं, तेही मी ऐकलं नाही. रानात एवढं पाणी कधीच नव्हतं."

मग मी नळी, जमीन, सगळं समजावून सांगितलं. अध्यक्षांनी चार प्रश्न विचारले, त्यांतले दोन बोचरे होते आणि ते विचारायलाच हवे होते. म्हातारबाबांना उभं करून विचारलं, हे खरं आहे का. ते म्हणाले, हो, मीच फुंकून बघितलं. लोक हसले, ते नाही हसले. मर्यादा ओलांडलेली नाही, तेव्हा फळ्या काढायचा प्रश्न येत नाही, असं अध्यक्षांनी लिहून घेतलं आणि आठ विरुद्ध चार हातांनी ते पक्कं झालं.

फळ्या वाचल्या. मला इतका आनंद झाला की खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवावा लागला. आणि त्याच वेळी मला दिसत होतं की पहिल्या रांगेत बाई एकेक आलेख प्लास्टिकमधून काढून नीट सरळ करून परत आत ठेवत आहेत.

"तीन वर्षं मी म्हणत होते पाणी आहे," त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या. "कागदही म्हणत होता पाणी आहे. आज कागद म्हणतो नाही. मग माझ्या शेतात काय आहे?"

त्यांच्या बाजूने बोलणारी एकच गोष्ट होती आणि ती मी बारा माणसांसमोर काढून घेतली होती. मी खरं बोलले होते, तरी चोरी केल्यासारखं वाटत होतं.

बाहेर त्या आपल्या गाडीशी उभ्या होत्या. मला वाटलं आता शिव्या पडणार, आणि मी त्या खायला तयार होते. "या," त्या म्हणाल्या, "दाखवते." मी त्यांच्यामागे माझी गाडी काढली.

त्यांचं खालचं शेत आणि आमचं रान यांच्यामध्ये फक्त एक अरुंद चर आहे. तीन वर्षं मी ते शेत नकाशावर बघत होते, तिथे उभी कधीच राहिले नव्हते. घोटाभर पाणी, त्यात गवताची टोकं, गाईंच्या खुरांचे भरलेले खड्डे. खोटं काहीच नव्हतं. मी चराच्या काठावर उभी राहून आधी त्यांच्या बाजूला बघितलं, मग आमच्या. आमची बाजू वर होती. चांगली कमरेएवढी वर. हा फरक तीन वर्षांतल्या नऊ सेंटीमीटरने पडलेला नव्हता.

"या शेतातून पाणी किती वर्षं उपसताय?" मी विचारलं.

"सासऱ्यांच्या आधीपासून. उपसल्याशिवाय इथे गवत येत नाही." त्या म्हणाल्या आणि गोठ्याकडे चालायला लागल्या. "चला, बूट देते तुम्हाला. तुमच्या पायात हे काय आहे?"

माझ्या पायात मीटिंगचे चपटे बूट होते, आणि ते केव्हाच भिजले होते. गोठा काँक्रीटचा होता, जुना, भक्कम. माणसांच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. वरची दगडी, झिजलेली. मधली विटांची. खालची नव्या करकरीत सिमेंटची. मी तिथेच थांबले.

"गोठा खांबांवर आहे का? खालच्या चिकणमातीपर्यंत नेलेल्या?"

"हो. इथे सगळंच तसं बांधतात."

"आणि या पायऱ्या?"

"वरची मूळची. मधली नवऱ्याने घातली, लग्नानंतर. खालची मी, गेल्या वर्षी. गाईंच्या ये-जा करण्याने माती जाते ना दारासमोरची." त्या सांगत सांगत पहिली पायरी चढल्या, दुसरी चढल्या, आणि मधेच थबकल्या. मागे वळून त्यांनी खाली बघितलं. मग चरापलीकडच्या आमच्या रानाकडे.

मीटिंगमध्ये मी सगळं इतकं नीट समजावून सांगितलं होतं की आता मला काही बोलायची गरज नव्हती. तरी मी बोलले, कारण न सांगता निघून जाणं आणखी नीच झालं असतं.

"पाणी वर चढलेलं नाही," मी म्हटलं. "जमीन खाली चाललीय. उपसलं की पीट वाळतं, वाळलं की आकसतं आणि झिजतं. गोठा तिथेच आहे."

आत गाई दारं ढोसत होत्या.

"तुमच्याकडची वर आली म्हणालात," त्यांनी विचारलं. "ही येईल?"

"पूर्ण नाही येणार. जे झिजलं ते गेलं. पण खाली जायची थांबेल."

"कशाने?"

मला ते वाक्य त्यांच्या तोंडावर म्हणायचं नव्हतं. "उपसणं थांबवून," मी म्हटलं. "पाणी राहू द्यावं लागेल."

त्यांनी शेताकडे बघितलं, मग हातातल्या घड्याळाकडे. "दूध काढायची वेळ झाली," त्या म्हणाल्या. दाराआडून जुने गमबूट काढून त्यांनी माझ्यापुढे पायरीवर ठेवले आणि आत गेल्या. थोड्या वेळाने मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, आणि त्याच्या पाठोपाठ, शेताच्या टोकाला, पाणी उपसायचा पंप.